गरुडाने नेलेलं लेकरू

हे तुम्हांला पटायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. देवमाशाच्या पोटात घंटा वाजवणारा पाद्री तुम्ही मान्य केलात, लाकडी पायाच्या सार्जंटने बर्फावरची शर्यत जिंकली तेही मुकाट्यानं ऐकून घेतलंत. ही गोष्ट मात्र तुम्ही मानणार नाही, कारण ही खरी आहे.

मी तिथे नव्हतो. योस्ट विगर्स होता. घोडदळातला जुना तुतारीवाला, डोक्याने मठ्ठ, खायला पुढे. गेला बिचारा, सात वर्षं झाली. त्याने मला सांगितली तशी सांगतो. शेगडीजवळचे साहेब, तुम्ही या खाणावळीत नवे दिसता. टोपी काढून बसा, गोष्ट लांब आहे.

तीसेक वर्षांपूर्वी आपल्या हेगमध्ये आलेडा क्वास्ट नावाची विधवा राहायची. नवरा चित्रकार होता. त्याचे रंग तिने वीस वर्षं घोटले. तो गेल्यावर लोक तिच्याकडे चित्रांची पारख करायला येऊ लागले, मग हरवलेल्या वस्तू शोधायला, मग हरवलेली माणसं. चित्र नुसतं हुंगून चित्रकाराने सकाळी कांदा खाल्ला होता का हेरिंग मासा, हे ती सांगायची. योस्ट तिचा भाडेकरू. तिच्यामागे पिशवी धरून हिंडायचा आणि दर वेळी चुकीच्या माणसाला चोर ठरवायचा. ती त्याला ‘तुतारीवाले’ म्हणायची, तो तिला ‘बाई’.

ऑक्टोबर संपता संपता एका सकाळी दाराशी काळ्या पोशाखातली बाई आली. नाव सिबिला फान रेन्सवर्डे. घराणं मोठं, जहागिरीचं. बोलण्यात दक्षिणेकडचा जर्मन हेल. हातमोजा काढला तेव्हा बोटात जाडजूड मोहरेची अंगठी दिसली, तिच्यावर पंख पसरलेला पक्षी कोरलेला. योस्टला ती कोंबडी वाटली. त्याला तेव्हा भूक लागली होती.

तिने सगळं शांतपणे सांगितलं. ती जर्मनीतल्या फ्रांकोनियाची. लग्नानंतरची वर्षं नवऱ्याबरोबर छावण्यांच्या गावांत गेली. दोन वर्षांपूर्वी तो घोड्यावरून पडून गेला तेव्हा ती हेगला दिराच्या घरी आली. सुतकामुळे कुणाकडे जाणं-येणं नव्हतं. एकच मुलगा, वोल्फर्ट, सहा वर्षांचा. फेब्रुवारीत तिच्या वडिलांनी अंथरूण धरलं म्हणून ती माहेरी गेली. मुलाला दिरावर आणि दाईवर सोपवून. जूनमध्ये दिराने पत्र लिहिलं, पोरगा तापाने गेला. पत्र वाटेत तीन महिने भटकलं. ती पोचली तेव्हा चर्चच्या तळघरात बंद पेटी होती आणि दिवाणखान्यात काळ्या कापडाची झालर लावलेलं चित्र.

“मी मागवलेलं चित्र मिळालं,” ती म्हणाली. “मुलगा नाही मिळाला.”

आलेडाने विचारलं, चित्र कसलं?

“गॅनिमीड.”

आलेडाने मान खाली घातली. योस्टने टोपी काढली. तुम्हीही काढली असतीत. आपल्याकडे थोरामोठ्यांची मुलं चित्रात साधी मुलं म्हणून बसतच नाहीत. मुलीच्या हाती धनुष्य देऊन तिची डायना करतात, मुलाला भाला-कुत्रा देऊन शिकारी अडोनिस, नाहीतर पंख लावून क्युपिड. पण देवांच्या राजाने गरुड पाठवून आकाशात उचलून नेलेला गॅनिमीड? तो फक्त गेलेल्या लेकराचा करायचा. गरुडावरचं मूल भिंतीवर दिसलं की हेगचा माणूस आवाज खाली आणतो आणि कितव्या वर्षी गेलं ते विचारतो. हे कुणी शिकवत नाही.

“माझ्याकडे का आलात, बाईसाहेब?” आलेडा म्हणाली. “तापाला मी काय करणार?”

“दाईने माझ्या तोंडावर दार लावलं. ट्राइन तिचं नाव. तिनं त्याला अंगावर पाजलं होतं. मी फक्त विचारायला गेले होते, शेवटी तो काय बोलला. माझ्याकडे बघितलंन आणि दार लावलंन.” मग म्हणाली, “आणि त्या चित्रात तो हसतोय. माझ्याच्यानं ते चित्र बघवत नाही. पण जेवढं बघितलं तेवढ्यानं वाटतं, कुणीतरी माझ्याशी खोटं बोलतंय. मला त्याचे शेवटचे दिवस हवेत. कसेही असोत. ते माझे आहेत.”

निघताना दारात तिने स्वतःलाच दोष दिला. बाबांच्या औषधवाल्याकडून जंतांवरची पूड पाठवली होती, म्हणाली. पोराला खोकलाही होता. आणखी लवकर पाठवली असती तर अंगात ताकद राहिली असती कदाचित.

आलेडाने योस्टच्या हातातलं चीज काढून घेतलं आणि म्हणाली, “चला, तुतारीवाले.”

दीर, डीडरिक फान रेन्सवर्डे, चाळिशीचा, अविवाहित, अतिशय सभ्य माणूस. वोल्फर्ट गेल्यामुळे जहागीर त्याच्याकडे आली होती, आणि ती आल्यापासून तो दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. त्याने स्वतः त्यांना चित्रासमोर नेलं.

चित्र पुरुषभर उंच. खाली धुक्यातली जमीन, वर निळं आकाश, मधे करडा गरुड. त्याच्या नख्यांत तांबड्या उपरण्यातलं गोरं पोर, मान वळवून कुणाकडे तरी बघत खो खो हसतंय. आलेडाने भिंग काढलं आणि चित्राला नाक टेकवलं. आधी आकाश बघितलं. “निळा रंग गरुडाच्या कडेपर्यंत येऊन थांबलाय,” ती पुटपुटली, “पिसांखाली शिरलेला नाही.” योस्ट म्हणाला, बरं. मग तिने गरुडाची शेपटी बघितली. त्यातलं एक पीस मधोमध तुटलेलं होतं. मग पोराचं तोंड. तिथे ती इतका वेळ थांबली की डीडरिकने खुर्ची मागवली.

“वरचा पुढचा दात नाही याला,” ती म्हणाली.

डीडरिकचा चेहरा एकदम मऊ झाला. “पेंटेकॉस्टच्या सणाच्या सोमवारी पडला. जत्रेत मधाचा केक चावताना. किती रडला, केक तसाच राहिला म्हणून. गुरुवारी तो गेला.”

तापाचं विचारलं तेव्हा मात्र त्याचं बोलणं पाठ केल्यासारखं झालं. मंगळवारी चढला, गुरुवारी संपलं. संसर्गाची भीती, म्हणून पेटी लगेच बंद. कुणालाच तोंड दाखवलं नाही. वैद्य लायडनचा होता, नाव आठवत नाही. पूड? हो, वहिनींचं पुडकं पेंटेकॉस्टच्या आधीच्या शुक्रवारी आलं. मोहोर होती तशी ट्राइनच्या हातात दिलं. चित्राचं काम वहिनींनी पत्रानं थेट चित्रकाराशी ठरवलेलं, त्यात आपण पडलो नाही. ऑगस्टमध्ये ते घरी आलं तेव्हाच आपण बघितलं.

त्याच्या मेजावर काचेखाली पोराचा एक बूट ठेवला होता. एकच. चामडं आक्रसून कडक झालेलं, शिवणीवर पांढरे डाग.

“आठवण,” तो म्हणाला आणि काच पुसू लागला. ती स्वच्छच होती.

तेवढ्यात योस्ट स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप मिळवून आला होता. स्वयंपाकीणबाईंकडून एक बातमीही. पेंटेकॉस्टच्या आठवड्यात मालकांनी तीन दिवस माणसं लावून मागचा कालवा आकड्यांनी ढवळून काढला. चांदीचा जग पडला म्हणे. जग सापडला नाही. मात्र त्या घरात चांदीचा जग कधी असल्याचंही तिला आठवत नव्हतं.

रस्त्यावर येताच योस्टने निकाल दिला. काकानेच पोराला कालव्यात ढकललं. जहागिरीसाठी. पेटीत वाळू असणार.

“वाळूचं पटतं,” आलेडा म्हणाली.

“बाकीचं?”

“मारलेलं पोर तीन दिवस शोधतं कोण, तुतारीवाले? त्याला ठाऊक असतं ना कुठाय ते.”

योस्टला हे उत्तर आवडलं नाही. एकदा धरलेला माणूस तो सोडायचा नाही.

ट्राइन दाई स्केव्हेनिंगनला, समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमागे भावाच्या झोपडीत राहत होती. भाऊ बोटीवर गेलेला. ती अंगणात काड्यांवर चपटे मासे वाळत घालत होती. मोठ्या हाडाची, करड्या डोळ्यांची बाई. आलेडाने आपण कुणाकडून आलो ते सांगितल्यावर ट्राइनचे हात थांबले नाहीत, उलट जलद झाले.

“ताप होता, गेला. मालकांनी सांगितलं ना? मग मला काय विचारता.”

“पुडकं आलं होतं. पूड दिली होतीत त्याला?”

ट्राइनने पहिल्यांदा वर बघितलं. “दिली,” ती म्हणाली. “बाईसाहेबांनी लिहिलं होतं ना, निजताना सगळी द्यायची म्हणून. दिली. त्यांना सांगा, दिली.”

योस्टने उचललेला मासा परत काडीवर ठेवला. का, ते त्याला कळलं नाही.

दोरीवर दोन मोठे अंगरखे आणि एक छोटा निळा घागरा वाळत होता. आलेडाने सहज विचारलं, लेक कुणाची? शेजारणीची, ट्राइन म्हणाली. इथे आम्ही भाऊ-बहीण दोघंच. शेजारची झोपडी कुठे आहे ते योस्ट बघू लागला. चारही बाजूंना वाळू होती.

ती दोघं निघाली तेव्हा मागून ट्राइनने विचारलं, “बाईसाहेबांचं लग्न कधी आहे मग?”

“कसलं लग्न?” आलेडा म्हणाली.

“माहेरी दुसरं लग्न ठरलंय ना त्यांचं. सगळ्या घराला माहीत होतं. मोकळ्या झाल्यात आता, करतील.” आणि एक मासा तिने काडीवर असा खुपसला की काडी मोडली.

राहिला चित्रकार. एव्हर्ट ब्लांक, हडकुळा, बोटं टर्पेंटाइनने फाटलेली. आलेडाच्या नवऱ्याला ओळखायचा, म्हणून तिला ताक आणि पाव दिला. योस्टला नुसतं ताक. आलेडाने गरुडाचं कौतुक केलं. फक्त त्या तुटक्या पिसामुळे शेपटी बिघडली, म्हणाली.

“पीस तुटकंच होतं,” ब्लांक म्हणाला. “राजवाड्याच्या पिंजऱ्यापाशी जाऊन चार दिवस बसलो होतो त्या पक्ष्यासमोर. लोक म्हणतात, भरून काढायचं होतंस. दिसलं नाही ते मला काढता येत नाही, आलेडाबाई. दिसलं ते गाळता येत नाही. म्हणून तर राणीसाहेबांनी मला पुन्हा बोलावलं नाही. त्यांच्या हनुवट्या मी मोजून दोन काढल्या.”

ही त्याची कीर्ती सगळ्या हेगला ठाऊक होती. मग तो काळजीपूर्वक बोलू लागला. पोराला ट्राइन घेऊन यायची, मे महिनाभर. शेवटचं बसणं पेंटेकॉस्टच्या आधीच्या शनिवारी. त्यानंतर पोराला बघितलं नाही. चित्र शिकाऱ्याचं होतं, निम्मं झालं होतं. पोर गेल्यावर शिकारी पुसला आणि गरुड घातला.

“आणि बाईसाहेबांचं पत्र?”

“हरवलं,” तो म्हणाला. “त्यांनी मागितलं ते मी त्यांना दिलं. त्यांना सांगा, त्यांनी मागितलं अगदी तेच दिलं.” आणि हे बोलताना त्या गरीब माणसाच्या डोळ्यांत एवढा तिरस्कार होता की योस्टने ताकाचा पेला खाली ठेवला.

घरी येऊन योस्ट म्हणाला, आता तर स्पष्टच आहे. काकाने पुडक्यात विष मिसळलं, दाईने नकळत दिलं, पोर मेलं, मग कालव्यात टाकलं.

“पुडक्यावर मोहोर होती.”

“मोहोर काय, गरम सुरीनं उचलता येते. आमच्या छावणीत रोज उचलायचे.”

आलेडाने तांदळाचा एक दाणा घेऊन त्याच्या हातावर ठेवला. “तुम्हांला नातवंडं नाहीत, तरी विचारते. सहा वर्षांच्या पोराचा वरचा दात पडला, तर नव्याचं टोक दिसायला किती दिवस लागतात?”

योस्टला माहीत नव्हतं. त्याने खाली राहणाऱ्या लोणीवालीला विचारलं. तिला नऊ मुलं. ती म्हणाली, आठवडे लागतात, कधी महिनेही.

“चार दिवसांत?”

लोणीवाली हसली.

गुरुवारी सकाळी आलेडाने सगळ्यांना ट्राइनच्या झोपडीत नेलं. बाईसाहेबांना बरोबर घेतलं. डीडरिकला निरोप धाडला, बूट घेऊन या. ब्लांकला योस्टने दंडाला धरून आणलं. ट्राइन आतल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेरच्या दाराशी योस्ट. खोलीत एकच बाक होता. त्यावर कुणी बसलं नाही.

“मी कुणाला पकडायला आलेली नाही,” आलेडा म्हणाली. “फक्त जे दिसलं ते क्रमानं सांगते. आधी बूट. अंथरुणात तापाने गेलेल्या पोराचा बूट असा होत नाही, साहेब. हा पाण्यात होता. आणि तुम्ही तीन दिवस कालवा ढवळत होता. जगासाठी नाही.”

डीडरिक भिंतीला टेकला. त्याने लपवलं नाही. उलट बोलून मोकळा झाल्यासारखा दिसला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी ट्राइन रडत आली, पोर हात सोडून कालव्याकडे पळालं म्हणून. बूट सापडला, पोर नाही. “वहिनींना काय लिहू? तुमचा एकुलता मुलगा मला सांभाळता आला नाही? तापाचा दोष कुणाला लागत नाही. पेटीत वाळू आहे. मी रोज त्या बुटाची काच पुसतो.”

“बुडाला?” सिबिला म्हणाली. एवढंच.

“नाही,” आलेडा म्हणाली. “दात सोमवारी पडला. शेवटचं बसणं त्याआधीच्या शनिवारी. पेटी कुणी उघडून पाहिली नाही. म्हणजे दात पडलेलं पोर ब्लांकला दिसायलाच नको होतं. तरी चित्रात दात नाही. बरं, कुणीतरी सांगितलं असेल. पण त्या फटीत, भिंगाखाली, नव्या दाताचं टोक आहे. तांदळाच्या दाण्याच्या अणीएवढं. ते कुणी कसं सांगणार? गुरुवारी मेलेल्या पोराला ते आलंच नव्हतं. आणि ब्लांकला न दिसलेलं काढता येत नाही.”

ब्लांकने फाटक्या बोटांनी तोंड झाकलं. “जुलैमध्ये नुसता खडू घेऊन आलो होतो इथे,” तो म्हणाला. “तोंड पुरं व्हायचं होतं. तो मला दात दाखवून हसला. मी काय करू?”

सिबिलाने दोन पावलं पुढे टाकली. डीडरिकने तिला धरलं.

“इथे चारी बाजूंना वाळू आहे,” आलेडा म्हणाली, “आणि शेजारणीच्या लेकीचा घागरा दोरीवर. ट्राइन, तो आत आहे.”

“इथे कुणी नाही,” ट्राइन म्हणाली. “आणि असला तरी हिला देणार नाही. मारा मला.”

“का, ते मी सांगते. ब्लांक म्हणतो शिकारी पुसून गरुड घातला. खोटं. तसं असतं तर आकाशाचा निळा पिसांखाली मिळाला असता. गरुडाची जागा पहिल्या दिवसापासून राखलेली होती. मे महिन्यात हसतं-खेळतं पोर समोर बसवून तो गॅनिमीड काढत होता. कारण पत्रात तसंच मागितलं होतं. बाईसाहेब, काय लिहिलं होतंत?”

“गॅनिमीड करा म्हणून.” तिला प्रश्नच कळला नाही. “का?”

ट्राइनच बोलली, आणि तिचा आवाज फार हळू होता.

“जित्या पोराला गरुडावर बसवायला सांगितलंत तुम्ही. ब्लांकसाहेबांनी पत्र मला वाचून दाखवलं. घरात तुमच्या दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी. मग शुक्रवारी पूड आली, निजताना सगळी द्या. मी काय समजायचं? तुम्ही आधी चित्र मागवलंत, मग मरण. मी त्याला माशांच्या गाडीत घालून इथे आणलं आणि बूट पाण्यात टाकला.”

सिबिलाने बोटातली अंगठी बघितली, जणू ती दुसऱ्याच कुणाची असावी. मग अडखळत सांगू लागली. तिच्या घराण्याचं चिन्ह गरुड. माहेरच्या मोठ्या दालनाच्या छतावर गरुडाने उचललेलं पोर रंगवलेलं आहे. लहानपणी ती आणि भाऊ खाली उताणे पडून त्याला हाका मारायचे, आम्हांलाही घे म्हणून. वडील मरत होते. त्यांना नातवाचं तेच रूप दाखवायचं होतं तिला. तिकडे त्या चित्राचा अर्थ एवढाच, की हे लेकरू देवालाही आवडलं. इकडे त्याचा अर्थ काय ते तिला कुणी सांगितलं नाही. आणि आपल्या दुसऱ्या लग्नाची गोष्ट तर ती आजच ऐकत होती. परत आली तेव्हा तिला वाटलं, लोक काळ्या झालरीमुळे रडतात.

“हे कुणी शिकवत नाही,” आलेडा म्हणाली. “आम्हांला वाटतं जन्मतःच सगळ्यांना येतं.”

योस्ट पहिल्यांदा बोलला. “म्हणजे ती कोंबडी नव्हे?” कुणीही हसलं नाही.

ट्राइन डळमळली होती, पण दारावरून हलली नाही. “पूड?” ती म्हणाली. फळीवरच्या डब्यातून तिने पुडकं काढलं. लाल लाखेत गरुड, न मोडलेला. “देवापुढे दाखवायला ठेवलं होतं मी हे.”

सिबिलाने ते तिच्या हातातून घेतलं. मोहोर मोडली. करडी-हिरवी पूड होती. तिने सगळी तळहातावर ओतली, ट्राइनच्या डोळ्यांत बघत तोंडात टाकली आणि कोरडीच गिळली. मग तळहात चाटून पुसला आणि बाकावर बसून राहिली.

चुलीवर पाणी ठेवलं होतं. ते उकळलं. कुणी उतरवलं नाही, ते आटत गेलं. सिबिला ताठ बसली होती, ओठ कडवटपणाने ओढलेले, डोळे त्या दाराकडे. बाहेर भरती येऊन माघारी वळेपर्यंत ट्राइन तिच्याकडे बघत उभी होती. मग ती वळली, आणि तिने आतल्या दाराची कडी काढली.

निळ्या घागऱ्यातलं पोर बाहेर आलं. आठ महिन्यांत वीतभर वाढलेलं. आधी दाईकडे बघितलं, मग बाकावरच्या बाईकडे. जवळ येऊन त्याने बोटाने ओठ वर केला.

“आई,” तो म्हणाला, “बघ, आला.”

पुढचं सांगण्यासारखं नाही. चित्रावरची काळी झालर ट्राइनने स्वतःच्या हाताने काढली आणि मरेपर्यंत ती त्याच घरात राहिली. डीडरिकने जहागीर परत करताना मान वर केली नाही. वोल्फर्टने त्याच्याकडे बूट परत मागितला, लहान झाला असूनही. आणि योस्ट? तो सगळा वेळ खुंटासारखा दाराशी उभा होता. हात हलवला नाही, एक शहाणा शब्द बोलला नाही. तसाच जगला, तसाच गेला. झाली गोष्ट. आता कुणी म्हणा, खोटं आहे.

“खोटं आहे,” शेगडीजवळचे साहेब म्हणाले.

मी म्हटलं, कुठलं? दात? हव्या त्या लोणीवालीला विचारा.

“दात खरा. पूड खोटी.” ते उठून दिव्याजवळ आले. उंच, समुद्रावर रापलेला चेहरा; चांगले पस्तिशीचे. “दाराला फट होती. मी तिला डोळा लावून उभा होतो. आईने पूड हातावर ओतली, आणि तो खुंट दारापासून तीन ढांगांत आला, तिचं मनगट धरलं आणि निम्म्याहून जास्त पूड आधी आपल्या तोंडात कोंबली. उरलेली तिला खाऊ दिली. कारण त्याला अजून पक्कं वाटत होतं, की माझ्या काकाने त्यात विष घातलंय. भरती येऊन वळेपर्यंत तो मरायची वाट बघत दाराशी उभा होता. म्हणून त्याने हात हलवला नाही. त्याचे पाय लटलटत होते.”

मी माझा रिकामाच पेला तोंडाला लावला.

“आणि तो मेलाही नाही,” साहेब म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “सरका जरा, योस्टकाका. बसू द्या मला.”